एकवीस मिलिमीटरचा वसंत

नागेश तांबेनं आजवर जे काही घडवलं होतं, ते सगळं मोटारीच्या दाराच्या आत होतं. दाराची काच वर-खाली करणारी यंत्रणा ज्या पत्र्याच्या पट्टीला धरून असते, त्या पट्टीचे आराखडे तो गेली अठरा वर्षं डार्मश्टाटजवळच्या एका कंपनीत बसून काढत होता. युरोपभर लाखो दारांत त्याची पट्टी निमूटपणे उभी होती आणि कुणी तिच्याकडे ढुंकून पाहिलेलं नव्हतं. फार तर मेकॅनिकांनी पाहिली असेल, पण मेकॅनिक ती पाहतो तेव्हा दार बिघडलेलं असतं आणि तो काही कौतुक करायच्या मनःस्थितीत नसतो.

म्हणून तळमजल्यावरच्या फ्राऊ मोरितांनी त्याला जिन्यात अडवून विचारलं, "हेर तांबे, जिना झाडायच्या पाळ्यांचा तो तक्ता तुम्हीच काढलाय ना?" तेव्हा तो एक पायरी मागे सरकला. जर्मनीत शेजाऱ्याचं वाक्य असं सुरू झालं, की ते तक्रारीवर संपतं.

"जा," नागेश म्हणाला, म्हणजे जर्मनमधलं 'हो', आणि बचावाची तयारी करू लागला.

"सुंदर आहे," फ्राऊ मोरिता म्हणाल्या. "विशेषतः बादली."

आता ती बादली नागेशनं खरोखर जीव ओतून काढली होती. कडीची जाडी, बुडाचा व्यास, सगळं बाणांनी दाखवलं होतं. चार महिने तो तक्ता जिन्यात लटकत होता आणि बादलीबद्दल बोललेलं हे पहिलंच माणूस. पुढचं फ्राऊ मोरितांना पुरतं बोलूही न देता तो 'हो' म्हणाला, आणि नंतर त्यानं ऐकलं की आपण कशाला हो म्हटलंय.

प्रकरण असं होतं. फ्राऊ मोरिता मूळच्या ओसाकाकडच्या. पन्नास वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी इथं आल्या आणि राहिल्या. निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या एका लहानशा सिनेमागृहाच्या मालकाच्या, हेर लोरेन्त्सच्या, मागे लागून जुन्या जपानी चित्रपटांची मालिका सुरू केली होती. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे, तरुण मुलामुलींचे चित्रपट. शाळा नुकतीच सुटलेली असते, समुद्र जवळ असतो, एकाकडे स्कूटर असते, बाकीच्यांकडे नसते. मागच्या खेळाला सात माणसं आली, त्यातली दोन चुकून. हेर लोरेन्त्सनं सांगून टाकलं होतं: पुढच्या खेळाला चाळीस डोकी दिसली नाहीत, तर मालिका बंद. फ्राऊ मोरितांचं म्हणणं, दोष चित्रपटांचा नव्हे, जाहिरातीचा. जाहिरात म्हणजे एका पांढऱ्या कागदावर 'जपानी चित्रपट, पाच वाजता' एवढंच. त्यांना पोस्टर हवं होतं. जुन्या धर्तीचं. मोठं.

"तुमच्यासारख्या माणसाचं काम आहे," असं म्हणून त्यांनी नागेशच्या हातात पुठ्ठ्याची एक लांब नळी दिली.

नळीत तीन जुनी पोस्टरं होती. नागेशनं ती जेवणाच्या टेबलावर उलगडली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, आणि त्या दिवशी तांबे कुटुंब सोफ्यावर जेवलं.

असलं काही त्यानं पूर्वी पाहिलं नव्हतं. फोटोतली डोकी कात्रीनं कापून काढलेली, गालांवर हातानं गुलाबी रंग चढवलेला. मुलाचं डोकं आभाळाएवढं, मुलीचं त्याच्या निम्मं, आणि खाली तीच दोघं पुन्हा बोटाएवढी होऊन सायकलवरून चाललेली. तरी नजरेला खुपत नव्हतं. उजवीकडून वरून खाली उतरणारी अक्षरं अशी, की कुणी ओल्या हातानं भिंतीवर ओढलीत आणि अजून वाळायची आहेत. समुद्राला माप नव्हतं, सावल्या तीन दिशांना पडल्या होत्या, आणि तरी त्या मुलीकडं पाहिलं की कळत होतं, हिला आज संध्याकाळी कुणाला तरी काहीतरी सांगायचंय.

दुसऱ्या दिवशी तो भिंग घेऊन बसला, तिसऱ्या दिवशी प्रश्न घेऊन तळमजल्यावर गेला. लाल रंग असा विटका का?

"लाल आधी जातो," फ्राऊ मोरिता म्हणाल्या. "निळा मागे राहतो. आमच्याकडे तारुण्याला म्हणतातच निळा वसंत."

"निळा म्हणजे कुठला निळा?" नागेशनं खिशातून कंपनीचं रंगांचं कार्ड काढलं. त्यात निळ्याच्या पंचवीस छटा होत्या, प्रत्येकीला चार आकडी क्रमांक.

फ्राऊ मोरितांनी चष्मा लावून सगळ्या छटा पाहिल्या, दोनदा पाहिल्या. "तो शब्द हिरव्यालाही चालतो," म्हणाल्या. नागेशनं कार्ड खिशात घातलं आणि जिना चढताना त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय. क्रमांक नसलेला रंग त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता.

पण स्वभाव तो स्वभाव. एवढ्या अथांग वसंतातही त्यानं एक गोष्ट पट्टीनं मोजून घेतली: कागद. सातशे अठ्ठावीस गुणिले पाचशे पंधरा मिलिमीटर. नळीवर लिहिलंच होतं, बी-दोन. त्यानं वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: बी-दोन, तंतोतंत. आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पोस्टरवरच्या फोटोसाठी मुलगा आणि मुलगी हवी होती. नागेशची पंधरा वर्षांची लेक ईप्सिता मराठीतली विनंती शांतपणे ऐकून घेऊन जर्मनमधून 'नाइन' म्हणत नकार देऊन गेली. मग विद्यापीठात पीएच.डी. करणारी दोघं मिळाली, गौरांग आणि मुक्ता. तो बॅटऱ्यांवर काम करायचा, ती उपग्रहांच्या अँटेनांवर, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं.

"काका, सायकलवर मी मागे बसू की पुढे?" मुक्तानं विचारलं.

"मागे. आणि दूर क्षितिजाकडे बघ. तुला त्याला काहीतरी सांगायचंय."

"मला त्याला सांगायचंय की आमच्या लॅबचा सोल्डरिंग आयर्न परत दे."

"तेच मनात आण," नागेश म्हणाला. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते थेट साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं होतं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे हेर केसलर कचरा टाकायला खाली आले. हे गृहस्थ अठ्ठावीस वर्षं गाडीच्या परवान्याची परीक्षा घेत होते, आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्या गल्लीची घेत. सायकलवर दोन मोठी माणसं पाहून त्यांची पिशवी हातातच राहिली.

"हे निषिद्ध आहे."

"सायकल उभी आहे, हेर केसलर. चालत नाही."

"पण चित्रात चालेल," हेर केसलर म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. अर्ध्या तासाच्या वाटाघाटीनंतर, जुन्या काळातल्या जपानमध्ये जर्मन वाहतुकीचे नियम लागू नव्हते, एवढं त्यांनी मान्य केलं. मात्र मागच्या चाकाला तांबडा परावर्तक दाखवण्यावर ते अडून बसले. नागेशनं दाखवला. स्वतःशी म्हणाला, कलाकाराला तडजोडी कराव्या लागतात. मग 'कलाकार' हा शब्द आपण कुणाबद्दल वापरला, हे लक्षात येऊन एकटाच लाजला.

छपाईचं मराठी मंडळानं मनावर घेतलं, आणि तिथून गोष्टीनं वळण घेतलं. मंडळ म्हणजे श्रीपादराव. साठीचे, मिशाळ, लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन डार्मश्टाटात लेकीजवळ राहायला आलेले. मंडळाची निमंत्रणं ज्या ऑनलाइन छापखान्यात छापतात, तिथं हेही छापून घेऊ, त्यात काय, असं म्हणून ते चहाला आले आणि पोस्टर वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागले.

"छान आहे," शेवटी म्हणाले. "पण खाली फार मोकळं वाटतं रे."

"तो समुद्र आहे."

"हो, पण शुभेच्छुक कुठंयत?"

नागेशला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे गावच्या चौकातले सगळे फ्लेक्स उभे राहिले: वर नेता, खाली गोलगोल चौकटींत त्याचे शुभेच्छुक, कुणी हात जोडून, कुणी कानाला मोबाईल लावून.

"श्रीपादराव, हे जपानी तरुणांच्या चित्रपटाचं पोस्टर आहे."

"आपल्या शुभेच्छा नाहीत का त्यांना?"

नागेश तावातावानं उठला. मूळ पोस्टरांत असला प्रकार नसतो हे दाखवायला त्यानं नळीतलं एक पोस्टर पसरलं, आणि बसला. तळाशी ओळीनं पाच डोकी होती. कापलेली, गोल, खाली नावं. साहाय्यक नट असावेत. पण श्रीपादरावांना साहाय्यक नट आणि शुभेच्छुक यातला फरक पटवता येईल, असा माणूस अजून जन्मायचा आहे.

"बघ," ते समाधानानं म्हणाले. "त्यांच्यातही पद्धत आहे."

चार दिवसांत मंडळातून पाच फोटो आले. श्रीपादरावांचा हात जोडलेला. मालिनीकाकूंचा, मुलाच्या लग्नातला, नथ घातलेला. प्रसन्नचा गॉगलमधला, मागे दुसऱ्याची मोटार. सुधीर आणि स्नेहलता या जोडप्याला एकच चौकट चालणार नव्हती, कारण सुधीरच्या मते त्यात स्नेहलताच दिसते आणि स्नेहलताच्या मते तसं दिसलंच पाहिजे. मधोमध कोण, यावर मंडळाच्या ग्रुपवर त्र्याऐंशी संदेश झाले. मग हेर लोरेन्त्सचा फोन आला की माणसांचे चेहरे छापायचे तर प्रत्येकाची लेखी संमती लागेल. पाच संमतीपत्रं भरून घेतली. मालिनीकाकूंनी आपल्या पत्रात 'नथ कापू नये' असं मराठीत जोडलं.

"आणि हो," हेर लोरेन्त्स म्हणाले, "अगदी खाली, या कागदाला जबाबदार कोण, त्याचं नाव हवं. कायदा आहे. कुणाचं घालायचं?"

नागेशनं खुर्चीचा हात धरला. गेले तीन आठवडे त्याच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यानं सुरेखालाही सांगितली नव्हती, कारण बायकोला सांगितलेली गोष्ट लगेच हास्यास्पद होते. त्याला त्या पोस्टरवर आपलं नाव हवं होतं. कुठंतरी, कोपऱ्यात. एकदा एक काम असं व्हावं की ते भिंतीवर असेल, दाराच्या आत नसेल, आणि बघणारा खाली वाकून वाचील, कुणी केलं हे. मागायची लाज वाटत होती. आणि आता कायदा स्वतः येऊन नाव मागत होता.

"माझं घालू," तो शक्य तितक्या निर्विकारपणे म्हणाला. "जबाबदारी कुणीतरी घ्यायलाच हवी."

चार मिलिमीटर उंचीची अक्षरं. अगदी तळाला, शुभेच्छुकांच्याही खाली. नागेश तांबे. ती ओळ त्यानं सोळा वेळा पुसून पुन्हा लिहिली.

छापखान्याच्या संकेतस्थळावर त्यानं आकार निवडला: बी-दोन. पुढच्या पानावर यंत्रानं विचारलं, कागदाबाहेर जाणारा भाग कापायचा का? आपल्या चित्राचा कागदाबाहेर जाणारा भाग असूच शकत नाही, अशा विश्वासात नागेशनं 'जा' दाबलं.

गठ्ठा गुरुवारी आला. चाळीस प्रती. पहिली उलगडताना घरात सगळे होते, श्रीपादरावसुद्धा पेढे घेऊन हजर होते.

रंग झकास आला होता. निळा तर असा, की सुरेखा "अगं बाई" म्हणाली. मुक्ता क्षितिजाकडे बघत होती. मग सगळ्यांची नजर हळूहळू खाली उतरली, आणि तिथंच थांबली, कारण पुढं काही नव्हतं.

जपानी बी-दोन आणि जर्मन बी-दोन हे एक नाहीत. जपानी कागद रुंदीला पंधरा आणि उंचीला एकवीस मिलिमीटरनं मोठा असतो. पत्र्याच्या पट्टीत अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीवरून लोकांशी भांडलेल्या माणसाला हे विचारायचं सुचलं नव्हतं. उजवीकडे हेर केसलरांचा परावर्तक कापला गेला होता. खाली शुभेच्छुकांची नावं गेली होती, श्रीपादरावांची मिशी गेली होती, सगळ्यांचीच तोंडं गेली होती. कागदाच्या कडेवरून पाच माणसं फक्त नाकापर्यंत वर आली होती. मालिनीकाकूंची नथ तेवढी शाबूत होती, कडेवर बरोब्बर टेकलेली.

आणि त्यांच्याखाली जी ओळ होती, ती नव्हतीच.

"मी हात जोडले होते," श्रीपादराव हळूच म्हणाले. पेढ्यांचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला, मग विचार बदलून परत घेतला आणि गेले.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. पोस्टरं लावायचा परवाना शुक्रवारपासूनचा होता, खेळ पुढच्या रविवारी. नागेश एक प्रत घेऊन तळमजल्यावर गेला, मान खाली घालून, जणू दुसऱ्याचं भांडं फोडून आणलंय.

फ्राऊ मोरितांनी ती भिंतीला टेकवली, दोन पावलं मागं सरकल्या. मग तोंडावर हात ठेवून हसू लागल्या आणि हसता हसता खुर्चीत बसल्या.

"आमच्या गावात मैदानात सिनेमा लागायचा," म्हणाल्या. "भोवती लाकडी कुंपण. ज्यांच्याकडे तिकीट नसे ते बाहेरून टाचा उंचावून बघत. असेच. इथपर्यंत." त्यांनी नाकाला बोट लावलं. "मीसुद्धा. तुम्हाला कसं कळलं?"

आपल्याला काहीच कळलेलं नाही, हे सांगायला नागेशनं तोंड उघडलं. त्यानं पुन्हा चित्राकडे पाहिलं. खरंच की. वर समुद्र, सायकल, सांगायचं राहिलेलं काहीतरी, आणि खालून पाच जण कुंपणापलीकडून जीव डोळ्यांत आणून बघताहेत. प्रसन्नचा गॉगलसुद्धा उत्सुक दिसत होता. नागेशनं तोंड मिटलं.

शुक्रवारी चाळीस पोस्टरं लागली. ट्रामच्या थांब्यांवर, ग्रंथालयात, बेकऱ्यांच्या दारांत. घरी सुरेखा चपात्या लाटत होती. नवरा हिरमुसला की तिला ओवी सुचते.

"चित्र मोठं गं काढलं,
चौकाचौकात लावलं,
नाव तेवढं राहिलं
कात्रीपाशी."

"चेष्टा कर," नागेश म्हणाला. "कर तू."

"चेष्टा नाही रे," सुरेखा म्हणाली, आणि लाटणं थांबवून तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मला आधी सांगायचंस ना." म्हणजे तिला ठाऊक होतं तर.

सोमवारी आम्टमधून, म्हणजे परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीतून, फ्राऊ ब्रांट नावाच्या बाईंचा फोन आला. आवाज गोड होता, त्यामुळे नागेश अधिकच घाबरला.

"पोस्टर आमच्या इथंही लागलंय, फार आवडलं. पण आल्झो, म्हणजे असं की, त्याला जबाबदार कोण, ते लिहिलेलं नाही."

"लिहिलं होतं. ते कापलं गेलं."

"गेनाऊ, अगदी तेच. तर मग सगळी काढावी लागतील. किंवा हातानं लिहा. प्रत्येकावर. बुधवारपर्यंत."

मंगळवारी नागेशनं रजा टाकली आणि काळा मार्कर घेऊन निघाला. पहिल्या थांब्यावर त्यानं आजूबाजूला पाहून, चोरासारखं, भराभरा नाव लिहिलं. चौथ्या पोस्टरापर्यंत हात स्थिरावला. दहाव्यापाशी त्यानं नावाखाली किंचित वळणदार रेघ ओढली. बेकरीतल्या बाई ग्राहकांना थांबवून बाहेर आल्या.

"हे तुम्ही केलंय?"

"जा."

"आणि हे कोण आहेत, खाली?"

नागेशनं पाच डोक्यांकडं पाहिलं. "हे," तो म्हणाला, "आमचे शुभेच्छुक." ते जर्मनमध्ये नीट सांगायला त्याला दहा मिनिटं लागली. शेवटी बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, असे लोक प्रत्येकाच्या मागे असायला हवेत. विसाव्या पोस्टरापुढं दोन विद्यार्थी थांबून त्याची सही होईपर्यंत उभे राहिले. चाळिसावं संपलं तेव्हा मार्कर कोरडा पडला होता आणि नागेशच्या चालण्यात थोडा फरक पडला होता. फार नाही. पण ट्राम चुकली तरी तो धावला नाही.

बुधवारी थांब्यावरचं एक पोस्टर नव्हतं. गुरुवारी नऊ नव्हती. शुक्रवारी हेर लोरेन्त्सचा फोन आला, दारातलं काचेच्या पेटीतलंही गेलं, आता लोकांना कळणार कसं?

नागेशला एकच माणूस दिसला. मिशीचं दुःख माणसाला कुठंही नेऊ शकतं. तो तसाच श्रीपादरावांच्या घरी गेला. दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, चौकटीत पोस्टर लावलेलं होतं.

"एकच घेतलं," श्रीपादराव ओशाळून म्हणाले. "शपथेवर एकच. ग्रंथालयापाशी एका पोरीनं ओळखलं रे मला. म्हणाली, जरा तोंडावर हात ठेवता का? ठेवला. तिनं फोटो काढला." त्यांनी पुन्हा हात ठेवून दाखवला. वरचे डोळे हसत होते. "पण तुझं नाव हातानं लिहिलेलं आहे ना, लोकांना वाटतं, मोजक्याच प्रती आहेत. सगळेच नेताहेत."

रविवारी साडेचारला नागेश सिनेमागृहाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि डोकी मोजू लागला. एकोणचाळीसवर बराच वेळ अडकला. मग गौरांग आणि मुक्ता आली, दोन वेगवेगळ्या दारांनी, आणि त्यानंतर त्यानं मोजणं सोडलं, कारण खुर्च्या संपल्या होत्या आणि हेर लोरेन्त्स गोदामातून बाकं आणत होते. फ्राऊ मोरिता पुढं उभ्या राहून काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी भरलेल्या सभागृहाकडं पाहिलं, कमरेत वाकून नमस्कार केला, आणि बसल्या. दिवे गेले. पडद्यावर समुद्र आला, कृष्णधवल. सगळ्या गावाला तो निळा दिसला असणार, असं नागेशला वाटलं.

परवान्याची अट होती की खेळानंतर दोन दिवसांत सगळी पोस्टरं काढून आम्टला हिशेब द्यायचा. नागेश खरवडायची पट्टी आणि बादली घेऊन गावभर हिंडला. सात मिळाली, पावसानं सुरकुतलेली. बाकी ठिकाणी नुसते चिकटपट्टीचे चार तुकडे, भिंतीवर चार कोपरे धरून बसलेले. प्रत्येक रिकाम्या चौकोनापुढं तो जरा वेळ थांबला.

मग मंगळवारी आम्टच्या खिडकीपाशी फ्राऊ ब्रांटनी फॉर्म पुढं सरकवला. लावलेली: चाळीस. काढलेली: सात. उरलेली तेहेतीस सध्या कुठे आहेत, यासाठी एक लांबट रकाना होता.

नागेशनं पेन उचललं. 'चोरीला गेली' लिहिलं असतं तर पोलिसांचा कागद लागला असता. 'वाऱ्यानं उडाली' हे खोटं होतं, शिवाय चिकटपट्टीवर अन्याय होता. रांगेत मागं दोन माणसं खोकली. मग त्यानं ठळक अक्षरांत, जर्मनमध्ये, लिहिलं: 'लोकांच्या घरी, भिंतीवर.'

फ्राऊ ब्रांटनी ते वाचलं, शिक्का उचलला, आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलेलं होतं, 'याला जबाबदार'. नागेशनं सावकाश, एकही अक्षर न तोडता, आपलं नाव लिहिलं.